एक कोयता, दोन माणसे

[दृश्य : पहाटेचा अंधार, उसाचा फड, ट्रकच्या दिव्यांचा उजेड]

ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे दोन माणसे. पहाटे, अंगावर दव पडत असताना, पुरुष बुडातून ऊस तोडत पुढे सरकतो. त्याची बायको पाचट काढते, वाढे म्हणजे हिरवे शेंडे छाटते, मोळी बांधते आणि गाडी आली की ती मोळी डोक्यावर घेऊन, तिरक्या लावलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढते. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मात्र बहुधा एकट्या नवऱ्याच्या नावावर असते. समाज बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायला हा फड सोयीचा आहे, कारण पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जाणारे परिवर्तनाचे प्रकार इथे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

[दृश्य : प्रवरा कालवा, जुनी छायाचित्रे]

पहिला प्रकार ठरवून घडवलेल्या बदलाचा. भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून आले आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ऊस वाढला, तरी गुळाचे भाव पडले की बागायतदार कर्जबाजारी व्हायचा तो व्हायचाच. या कोंडीतून वाट काढण्यासाठी फारसे शालेय शिक्षण नसलेले शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ एकत्र आले. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्या काही दशकांत कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, पतसंस्था उभ्या राहिल्या. सभासदाच्या घरातला मुलगा इंजिनियर झाला आणि गावच्या राजकारणाची सूत्रे जुन्या वतनदारांकडून संचालक मंडळाकडे गेली. नियोजनाने समाज बदलता येतो याचा इतका ठळक दाखला महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल, आणि त्याचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही.

परंतु या आराखड्यात एक प्रश्न बाजूला राहिला होता: तयार झालेला ऊस तोडायचा कोणी? सभासद स्वतः कोयता हातात घेणार नव्हता. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सभेत ठरले नाही. ते शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या कोरडवाहू गावांतून, बीडच्या बालाघाट डोंगररांगेतून आणि पाथर्डीसारख्या तालुक्यांतून, बैलगाड्या जुंपून आपणहून चालत आले. एका खोऱ्यातल्या नियोजित परिवर्तनाने दुसऱ्या प्रदेशात अनियोजित परिवर्तन घडवले, आणि दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या ताळेबंदात कुठेच लिहिली गेली नाही.

१९७२ चा दुष्काळ हा आकस्मिक बदल. तोवर काही कुटुंबांपुरते असलेले हंगामी स्थलांतर त्यानंतर गावेच्या गावे करू लागली. पाऊस पुढे परत आला. फडावर जायची रीत मात्र मागे हटली नाही.

[दृश्य : कुलूपबंद घरांची गल्ली, ओट्यावर बसलेली म्हातारी]

त्यानंतरचा बदल इतक्या संथपणे झाला की त्याला कुणी बदल म्हटलेच नाही. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपेपर्यंत, गावात म्हातारी माणसे, थोडी मुले आणि कुलपे राहतात. लग्नाचा व्यवहारही याच चक्राला जुळवून घेत गेला. वयात आलेली मुलगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, न्यावी तर सुरक्षितता नाही, गावात ठेवावी तर सांभाळायला कुणी नाही; शिवाय लग्न लागले की सासरी एक नवा कोयता तयार होतो आणि त्यावर नवी उचल मिळते. मुलीच्या लग्नाचे किमान वय १८ वर्षे करणारी दुरुस्ती १९७८ मध्ये झाली आणि २००६ मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या वर आढळले. याला ‘मागासलेली मानसिकता’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते कायद्याने नियम बदलला, पण त्या बापाचा हिशेब बदलला नाही.

या हिशेबाने बाईचे शरीरही सोडले नाही. एक दिवस काम बुडाले की खाडा लागतो, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड बसतो. फडात ना शौचालय, ना पाळीच्या दिवसांत विसावा. २०१९ मध्ये या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात त्या वेळी पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती.

[दृश्य : हार्वेस्टर, रुंद सऱ्यांचे शेत]

आता यंत्र आले आहे. ऊसतोडणी यंत्राला लांब, सलग शेत आणि रुंद सरी लागते, त्यामुळे आधी लागवडीची पद्धत बदलते आणि मग मजुरांची गरज घटते. तुकड्या-तुकड्यांच्या वावरात मात्र अजून कोयताच चालतो. तंत्रज्ञानातून येणारा हा बदल स्त्रीच्या डोक्यावरची मोळी उतरवेल यात शंका नाही. मात्र दोन पिढ्या ज्यांचे वर्षाचे गणित उचलीवरच बसले, त्या घरांत मोळीच्या जागी काय येणार, याचे नियोजन प्रवरेच्या काठी कारखाना उभारताना झाले होते तितक्या गांभीर्याने अजून झालेले दिसत नाही.

काही पावले पडली आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, आणि जिथे जागा मिळते तिथली मुलगी निदान परीक्षेपर्यंत गावाजवळ राहू शकते. ग्रामपंचायतींमार्फत कामगारांची नोंदणी होऊन ओळखपत्रेही दिली जाऊ लागली.

[दृश्य : पत्र्याच्या पेटीतून काढलेले ओळखपत्र, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे]

दसऱ्याला उचल घेताना मुकादमाच्या वहीत अजून नवऱ्याचाच अंगठा उठतो. या कार्डावर मात्र तिचा फोटो आहे, त्याखाली तिचे नाव आहे, आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिले आहे: ऊसतोड कामगार.