८बर म्हणजे ऑगस्ट नव्हे

माझा आवाज मागे पोचतोय ना? हात वर झाले, म्हणजे पोचतोय. पुढच्या दोन रांगा रिकाम्या का? या की पुढे, मी कोणाला प्रश्न विचारत नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘वंशावळीच्या नोंदींची सूची करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी नवं ऑनलाइन साधन’. मी संयोजकांना सांगितलं होतं, मला एका आकड्याबद्दल बोलायचंय. ते म्हणाले, बोला, पण शेवटी साधनावर या. येते. आधी आकडा.

तुम्ही बहुतेक सगळे बॅच, म्हणजे एका वेळी वाचायला मिळणारं काम, घेऊन बसणारे, त्यामुळे बाराखडी सांगत नाही. वर जुन्या नोंदवहीच्या पानाचं छायाचित्र, खाली रकाने. नाव, आडनाव, दिवस, महिना, वर्ष, आई, बाप. वाचायचं आणि भरायचं. मोबदला शून्य, मानेला रग मात्र हमखास.

तर एकदा माझ्याकडे अठराव्या शतकातली एक बॅच आली. कॅथलिक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली, बाप्तिस्म्याची नोंदवही, लॅटिनमध्ये. पाद्रीबुवांचं अक्षर म्हणजे मुंग्यांना शाईत बुडवून पानावर सोडून दिलेलं. शिवाय पाठच्या बाजूची शाई पुढे फुटलेली. एका ओळीत तारीख होती, १४, आणि पुढे आठाचा आकडा व त्याला चिकटून ‘ब्रिस’. ८ब्रिस. इंग्रजी वह्यांत हेच ‘८बर’ म्हणून येतं. महिना कोणता?

बघा, निम्मी सभा ऑगस्ट म्हणाली! अहो, आपण मराठी माणसांनी तरी चुकू नये. सप्त, अष्ट, नव, दश म्हणून बघा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर आठवा. पुढे जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या डोक्यावर जाऊन बसले, पण नावं तीच राहिली. हात दुखणारा कारकून ‘ऑक्टो’ कशाला लिहील? आठ काढायचा आणि शेपूट जोडायचं.

मी ऑक्टोबर भरला आणि बॅच पाठवली. काही आठवड्यांनी सहज बघते तर तपासनिसाने, म्हणजे आपण भरलेलं तपासणाऱ्याने, ऑगस्ट करून ठेवलेला. आता गंमत अशी, की याच मुलाच्या आईबापांच्या लग्नाची नोंद आदल्या बॅचमध्ये मीच भरली होती. लग्न जानेवारीतलं. ऑक्टोबर धरला तर नऊ महिने, सगळं कसं रीतसर. ऑगस्ट धरला तर बाळ सातमाशी. नाहीतर मग... हसताय ते बरोबर आहे. त्या माउलीला जाऊन दोनशेच्या वर वर्षं झाली. तिच्या हयातीत कोणी बोट दाखवलं नसेल, आणि आता एका सज्जन, फुकट राबणाऱ्या माणसाने एका टिचकीत तिला बदनाम केलं.

मी पत्र लिहिलं. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं भली आहेत. उत्तर आलं, ‘तपासनिसाचा निर्णय अंतिम असतो.’ मी दुसरं पत्र लिहिलं, पुराव्यासकट. नोंदवहीत पानं क्रमाने आहेत. आदल्या पानावर ७ब्रिस, या पानावर ८ब्रिस, पुढच्या पानावर ९ब्रिस. मागचं आणि पुढचं पान वेगळ्या बॅचमध्ये, वेगळ्या तपासनिसांकडे गेलेलं, आणि त्यांनी सप्टेंबर, नोव्हेंबर बिनचूक ठेवलेले. म्हणजे सूचीवर विश्वास ठेवला तर पाद्रीबुवा सप्टेंबरातून मागे ऑगस्टात गेले, तिथे बाप्तिस्मे उरकले आणि थेट नोव्हेंबरात उतरले. या पत्राला उत्तर आलं नाही. घरी मात्र माझं नाव ‘आठबरबाई’ पडलं.

मला त्या तपासनिसाचा राग नाही, म्हणजे आता नाही. त्याच्यासमोर एकच पान होतं. चूक वाचणाऱ्याची कमी आणि पान तोडून देणाऱ्याची जास्त.

अशा गोष्टी तुमच्याकडेही असतील. जुन्या इंग्रजी वह्यांतला तो लांब ‘एस’ घ्या, ‘एफ’सारखा दिसणारा. त्यापायी कित्येक जेसी नावाचे सभ्य गृहस्थ सूचीत ‘जेफ्सी’ होऊन बसलेत. आपल्याकडे ‘ख’ आणि ‘रव’ आहेतच की. आणि तो ‘डू’. डिट्टोचा संक्षेप, आपल्या जुन्या जमाखर्चातला ‘कित्ता’. वरच्या ओळीतलं आडनाव खाली परत लिहायचा कंटाळा, म्हणून ‘डू’. नवखा स्वयंसेवक ‘जसं दिसतं तसं लिहा’ हा नियम तंतोतंत पाळतो आणि अख्खं कुटुंब डू आडनावाचं होतं. त्यांचा वंशज आयुष्यभर खरं आडनाव टाकून शोधत राहील. त्याला काही मिळणार नाही आणि तो समजेल, आपली माणसं तिथे नव्हतीच. ती असतात, डूंच्या वस्तीत.

वर्षाची तर वेगळीच तऱ्हा. इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कागदोपत्री नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्याच साली कॅलेंडर बदललं आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ ला, आणि आज आपण म्हणतो २२ फेब्रुवारी १७३२. माणूस एक, जन्म एकदाच. शहाणे कारकून अशा वेळी ‘१७३१/२’ लिहून ठेवत. आणि आपल्या रकान्यात? चार आकडे. पाचवा टाकला की लाल चौकट. कारकुनाने घेतलेली काळजी आपला रकाना...

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ बरं. साधन.

नवं साधन ब्राउझरमध्येच उघडतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही. छायाचित्र मोठं करा, फिरवा, उलट्या रंगात बघा. फुटलेली शाई उलट्या रंगात पुष्कळ वेळा सुटी होते. ओळीवर पट्टी सरकते, नजर घसरत नाही. आणि मागचं-पुढचं पान बघता येतं! हे मिळालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ‘कोरं’ आणि ‘वाचता येत नाही’ अशी दोन वेगळी बटणं आहेत, ती कृपा करून वेगळी ठेवा. कोरं म्हणजे कारकुनाने लिहिलंच नाही. दुसरं म्हणजे त्याने लिहिलंय, पण माझी अक्कल चालेना. कोरं म्हटलं की पुन्हा तिकडे कोणी फिरकत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी आले. नव्या साधनात पान आपल्याकडे येतं तेव्हा रकाने भरलेले असतात. हस्ताक्षर आधी यंत्राने वाचलेलं असतं, आपण फक्त बरोबर की चूक म्हणायचं. याचा वेग अफाट आहे, नाकारत नाही. अमेरिकेची १९४० ची जनगणना गुप्ततेची ७२ वर्षांची मुदत संपल्यावर २ एप्रिल २०१२ ला खुली झाली. १,६०,००० हून जास्त स्वयंसेवकांनी सुमारे १३ कोटी २० लाख नावं चारेक महिन्यांत हाताने उतरवली. तिथे पद्धत अशी होती, की एक पान दोघांनी एकमेकांचं न बघता वाचायचं आणि जिथे जमणार नाही तिथे तिसऱ्याने निवाडा करायचा. पुढची, १९५० ची, १ एप्रिल २०२२ ला खुली झाली तेव्हा आधी यंत्राने वाचलं आणि माणसांनी तपासलं. वारं या दिशेने आहे आणि ते उलटं फिरणार नाही. १९३८ पासून घेतलेल्या सूक्ष्मपटांची, म्हणजे मायक्रोफिल्मची, २४ लाख रिळं एकट्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संस्थेने २०२१ पर्यंत डिजिटल केली. एवढं हाताने कोण वाचणार?

पण दोघांनी वेगवेगळं वाचण्यात एक गोष्ट होती. माझी चूक आणि तुमची चूक सहसा एकाच जागी पडत नाही, म्हणून ती पकडली जाते. यंत्राने ‘ऑगस्ट’ लिहून समोर ठेवलं की माझ्या डोळ्यालाही ऑगस्ट दिसायला लागतो. मी स्वतःवर करून पाहिलंय. पन्नास ओळी मान डोलावत गेले, मग तेच पान रकाने झाकून पुन्हा वाचलं. चार ठिकाणी वेगळं वाचलं. चारांतल्या तीन ठिकाणी मी बरोबर होते, एका ठिकाणी यंत्र. त्या एका जागेचं मला अजून वाईट वाटतं, पण ते असो. कित्ता लिहिणारे कारकून गेले आणि यंत्राचा कित्ता गिरवणारे आपण आलो.

मागणी तीनच, घाईत सांगते. एक, अधूनमधून काही ओळींत यंत्राचं वाचन झाकून ठेवा. आधी माणसाला वाचू द्या, मग ताडून बघा. दोन, दुरुस्ती केली की जुनं वाचन पुसू नका, शेजारी राहू द्या. शोधणाऱ्याला ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोन्ही दिसले तर तो मूळ पान उघडून बघेल, आणि सूची असते ती मूळ पानापर्यंत पोचवायलाच. तीन, दुसऱ्याचं वाचन बदलणाऱ्याने कारण लिहिलंच पाहिजे. चौथीही होती, त्या १७३१/२ च्या रकान्याची, पण पुन्हा चिठ्ठी आली आहे.

दोनच वाक्यं. नव्या साधनात ‘दुरुस्ती सुचवा’ असं बटण आहे. परवा रात्री मी माझी ती १४ तारखेची नोंद काढली आणि ते दाबलं. त्याने कारण विचारलं, खाली चार तयार पर्याय. हस्ताक्षर अस्पष्ट, टंकनदोष, चुकीचं पान, इतर. ‘इतर’ निवडलं आणि सप्त-अष्ट-नव-दश सगळं लिहायला घेतलं, तर मध्येच अक्षरमर्यादा संपली. शेवटी एवढंच लिहिलं, ‘कृपया पुढचं पान उघडा.’ अजून उत्तर नाही.

प्रश्न बाहेर विचारा, हे आता दिवे घालवणार आहेत.