काटपाडीची रात्रगाडी

नमस्कार, श्रोतेहो.

पायातली जखम पिकली की जांघेत अवधाण येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या गाठीत काय चालतं, ते आज सांगायचंय. पण आधी एका घरगुती फ्रिजची गोष्ट.

मद्रास, १९८५. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. त्यांनी विद्यार्थिनीला, निर्मलांना, विषय दिला: एड्सचा विषाणू आपल्याकडे आलाय का, बघ. तेव्हा तो परदेशातला आजार समजत. निर्मलाबाईंच्या पदरी दोन लहान मुलं. नवऱ्याच्या स्कूटरवर बसून त्या सुधारगृहात जायच्या आणि तिथल्या, वेश्याव्यवसायातून आणलेल्या बायकांचं रक्त घ्यायच्या. हातमोजेसुद्धा नाहीत! रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करून ठेवलं कुठे? घरच्या फ्रिजमध्ये. दह्याच्या भांड्याशेजारी म्हणा ना.

चाचणीची सोय होती वेलोरला. फेब्रुवारी १९८६ मध्ये नवरा-बायको बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने वेलोरजवळच्या काटपाडी स्टेशनात उतरले, तिथून रिक्षा. चाचणी लावली आणि दुपारी वीज गेली. सगळे चहाला. (वीज गेली की माणसं बोलतात हो. आमच्याकडे जनरेटर आल्यापासून कुणी कुणाशी बोलत नाही.) परत येऊन झाकण उघडलं, तर सहा नमुने पिवळे.

सहा. देशात पहिल्यांदाच.

आता नीट ऐका. तो पिवळा रंग विषाणूचा नव्हता, प्रतिपिंडांचा होता, म्हणजे विषाणूला अडवायला शरीर बनवतं त्या अँटिबॉडीचा. पुन्हा सांगते: त्या सहा जणींच्या रक्तात प्रतिपिंडं होती, आणि तरीही विषाणू होता.

असं का? प्रतिपिंडं बनवतात बी पेशी, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. पण अवधाणाच्या गाठीत त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या पांढऱ्या पेशी असतात, सहायक टी पेशी. कुठल्या बी पेशीची विषाणूवरची पकड घट्ट, ते त्या पारखतात. जी पारखीला खरी उतरली तीच पुढे, तिच्यात बारीक बदल, की पुन्हा पारख. साध्या आजारात हे काही आठवड्यांत उरकतं. चिवट विषाणू रूप पालटत राहतो, मग ही शिकवणी महिनोन्‌महिने. उंदरांमधल्या एलसीएमव्ही विषाणूचा एक चिवट वाण दोन-तीन महिन्यांत रक्तातून जातो. सहायक पेशी आधीच काढून टाकल्या, तर जन्मभर जात नाही.

एचआयव्हीतही काही थोड्यांना, वर्षानुवर्षांनी, नाना वाणांना अडवणारी प्रतिपिंडं येतात. पण बहुतेकांना ती येत नाहीत. हा विषाणू शिरतो तोच सहायक पेशीत. रिपोर्टातला ‘सीडी-फोर’चा आकडा याच पेशींचा, तो २०० च्या खाली गेला की डॉक्टर एड्स म्हणतात.

गोळ्यांनी आकडा वर येतो. विषाणू मात्र दडून राहतो, आणि बराचसा त्या गाठींमध्ये, शिकवणाऱ्या सहायक पेशींच्या पोटात. म्हणून गोळी रोज.