मलप्रभेचे चार तुकडे

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. पाऊस असा कोसळतोय की बाईंचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. चौथीच्या वर्गात आज मलप्रभा नदीचा उतारा आहे.

मुलं घडाघडा वाचतात. पण "नदी उगम कुठं पावते?" असं विचारलं की सगळा वर्ग चिडीचूप. अक्षरं येतात, अर्थ हाती लागत नाही. आणि एकाने वाचायचं, बाकीच्यांनी मागनं म्हणायचं, यात ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

गटात बसणं या मुलांना नवं नाही. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत नलिकली या आनंदाने शिकण्याच्या पद्धतीमुळे ती पहिलीपासून गोल करून बसतात. पण गोल करून बसलं म्हणजे एकत्र शिकलं असं होत नाही. हुशार पोर बोलतं, बाकीची माना डोलावतात. म्हणून बाईंनी आज उताराच चार चिठ्ठ्यांत वाटलाय. कणकुंबीचा उगम. सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण. काठावरची पट्टदकलची देवळं. आणि कूडलसंगम, जिथं ती कृष्णेला मिळते. चौघांच्या गटात प्रत्येकाला एकच चिठ्ठी. आधी सारख्या चिठ्ठीवाली मुलं एकत्र बसून तुकडा समजून घेतात, मग आपल्या गटात परतून इतर तिघांना सांगतात. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ही जिगसॉ पद्धत आणली. तिथं गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी पटत नव्हतं. आपल्याला हवा तो तुकडा दुसऱ्याकडे आहे म्हटल्यावर त्याचं ऐकावंच लागतं.

दुसऱ्या चिठ्ठीवर चार डोकी वाकलीत. "नविलुतीर्थ" या शब्दाला सगळी अडखळतात. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी हळूच म्हणते, "नविलू म्हंजे मोर की. आईच्या माहेरी कन्नड बोलतात."

"म्हंजे मोराचं तीर्थ?"

तिचे डोळे लकाकतात. घरचं कन्नड मराठीच्या तासाला कामी आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ती आपल्या गटात परतते. तिघं तिच्याकडे बघतात. "सांग की, धरण कुठं हाय?" ती बोट ओळीवर ठेवून सांगू लागते. मध्ये थांबते, मागं जाऊन पुन्हा वाचते. बाई जवळच उभ्या आहेत, पण उत्तर देत नाहीत.

शेवटी चिठ्ठ्या पालथ्या. बाई मुद्दाम धरणाचा प्रश्न संगमाच्या चिठ्ठीवाल्या मुलाला विचारतात.

तो तिच्याकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "मोराच्या तीर्थाला, बाई. सौंदत्तीकडं."