तिथीची भरती आणि घड्याळाचा पूल

मंडळी, नारळी पौर्णिमा होऊन गेली, बोटी पाण्यात उतरल्या, धंद्याचे दिवस आहेत. तरी तुम्ही आज संध्याकाळी वाचनालयात आलात, याचं मला फार बरं वाटलं. पुढे मच्छीमार सोसायटीचे तांडेल बसलेत, मागे रिक्षावाले आणि एसटीचे चालक. आजचा विषय या दोघांच्या मधला आहे: बोटीला वाट देण्यासाठी उघडणारा पूल.

उघडणारा पूल म्हणजे काय, हे रामेश्वरला जाऊन आलेल्यांना सांगायला नको. पांबनचा जुना रेल्वेपूल १९१४ सालचा. त्याची दोन पाती माणसं हातांनी दांडे फिरवून वर उचलत. एप्रिल २०२५ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, आख्खाच्या आख्खा १७ मीटर वर जातो. या लोखंडाचं कौतुक आहेच. पण मला बोलायचंय ते त्यामागच्या कागदाबद्दल. पूल केव्हा उघडायचा, कोणासाठी, किती आधी कळवल्यावर आणि तेवढा वेळ कोणाला थांबवून, हे त्या कागदावर ठरतं.

आता बघा, रस्ता घड्याळावर चालतो. सकाळची शाळेची एसटी, दहाची कचेरी. खाडी तिथीवर चालते. आपल्या म्हाताऱ्यांचा हिशोब तुम्हाला पाठ आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. आता समजा, कोणी नियम केला की पूल सकाळी सहा ते सात उघडा राहील. अष्टमीला तो नियम उत्तम. पौर्णिमेला मात्र सहा वाजता खाडीच्या तोंडाशी पाणीच नाही. पूल वर उचललेला आणि बोट चिखलात बसलेली! हे कागद करणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याला ते सांगायचं कोणी? आपणच.

मी सातवीत असताना आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या फाट्यावर एक पूल झाला. पलीकडच्या गावाला तो हवाच होता. पावसाळ्यात अडलेल्या बाईला डोलीतून न्यावं लागे. पूल झाल्याबद्दल माझी तक्रार तेव्हा नव्हती, आजही नाही. पण उंची ठरवताना वरच्या अंगाला सात होड्या आहेत, त्यांच्या डोलकाठ्या केवढ्या, हे कोणी विचारलं नाही. भरतीला पूल आड यायचा, ओहोटीला गाळ आड यायचा. मधला तासभर काय ती वाट. एका सकाळी वडिलांनी डोलकाठी उतरवली, अंगणात दोन दगडांवर आडवी टाकली आणि शेंड्याकडून दीड हात कापली. करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तो सागाचा भुसा, त्याचा वास अजून आठवतो. काठी आखूड तसं शीडही आखूड झालं, होडी पूर्वीसारखी वारा धरेना. दोन वर्षांत वडिलांनी ती विकली.

मोठेपणी मी कचेरीत जाऊन त्या कामाचे कागद पाहिले. त्यात ओळ होती, ‘मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही.’ ओळ खरी होती. नोटीस तालुक्याच्या ठिकाणी फळ्यावर लागली होती, आणि त्या महिन्यात आमची सगळी माणसं समुद्रावर होती.

म्हणून दुसरीकडे हे कसं करतात, ते मी मुद्दाम वाचलं. अमेरिकेत नद्या-खाड्यांवर उघडणारे पूल पुष्कळ आहेत. त्यांचे नियम तिथलं तटरक्षक दल करतं. त्यांच्या संघराज्य नियमावलीच्या ३३व्या विभागातला ११७वा भाग त्यासाठीच आहे. मूळ नियम साधा आहे: बोटीने खूण केली की पूल लगेच आणि पूर्ण उघडायचा. खूण म्हणजे भोंगा, एक लांब आणि एक आखूड. पुलावरच्या माणसाने तसाच भोंगा दिला तर पूल उघडतोय. पाच आखूड दिले तर आता जमत नाही, थांबा. बोटवाल्यावरही बंधन आहे. अँटेना किंवा अशी एखादी खाली घेता येणारी वस्तू उतरवून बोट पुलाखालून जात असेल, तर पूल उघडायला लावायचा नाही. आणि आणीबाणीच्या गाड्यांना वाट देण्यासाठी पुलावरच्या माणसाने होईल तेवढं सगळं करायचं.

यापुढे एकेका पुलाचे वेगळे नियम लागतात. इथे कचेरीच्या वेळेत बंद, तिथे रात्री उघडायचा तर आधी कळवा. खरी भांडणं यावरच होतात. असा नियम बदलून हवा असेल तर कोणीही, अगदी एकटा माणूससुद्धा, लेखी मागणी करू शकतो. मात्र कारणं आणि पुरावा जोडावा लागतो. मसुदा प्रसिद्ध होतो, लोकांना लिहायला मुदत मिळते. मला सगळ्यात पटलं ते हे की नियम कायमचा करण्याआधी तो करून पाहता येतो. १८० दिवसांपर्यंत तात्पुरतं वेळापत्रक चालवायचं आणि त्या काळात बोटवाल्यांना, गाडीवाल्यांना काय अनुभव आला ते मागवायचं. लोकांनी मांडलेले मुद्दे विचारात घेऊन नियमामागची कारणं सांगायची, हे तिथे १९४६च्या कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्याकडे हे अगदीच नाही, असं समजू नका. ‘हरकती व सूचना’ हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं २३वं कलम सांगतं की जिथे कायद्याने नियम आधी प्रसिद्ध करायला सांगितलेत, तिथे मसुदा छापायचा, विचारात घेण्याची तारीख द्यायची आणि आलेल्या हरकतींचा विचार करायचा. वरळीच्या कोळी बांधवांचं उदाहरण तर कालपरवाचं आहे. किनारी रस्ता आणि सागरी सेतू जोडणाऱ्या पुलाच्या खांबांत ६० मीटर अंतर ठरलं होतं. क्लीव्हलँड बंदरातून बोटी न्यायच्या म्हणून त्यांनी १६० मीटर मागितलं. काम अडलं, वाद वाढला, आणि शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर मान्य झालं. हे बोलणं नकाशा काढतानाच व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. खांब उभे राहायच्या वेळी भांडावं लागलं, यात दोघांचीही वर्षं गेली.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गात बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल धरलेले आहेत. पूल उंच असो की उघडणारा, बोटींची मापं तीच लागणार. म्हणून हरकत कशी लिहायची, ते नीट ऐका. ‘पूल गैरसोयीचा आहे’ एवढं लिहून काहीही होत नाही. काठीची उंची पाण्यापासून मोजा, तीही बोट रिकामी असताना. रिकामी बोट वर तरंगते, तिला डोक्यावर जागा जास्त लागते. भरलेल्या बोटीचं पाण्यातलं बूड मोजा, कारण तिला खोली लागते. पुलाखालची जागा उधाणाच्या भरतीला धरा, तेव्हा ती सगळ्यात कमी असते. कुठल्या तिथीला किती वाजता निघता, किती वाजता परतता, तासभर थांबलात तर संध्याकाळच्या लिलावाचं काय होतं, बर्फ किती जातो, हे लिहा. रिक्षावाल्यांनीही असंच लिहावं: दवाखान्याच्या किती खेपा, कुठल्या वेळी, पूल उघडा असेल तर दुसरी वाट किती किलोमीटरची.

कोणी आधी थांबायचं, हे विचाराल तर मी बोटीच्या बाजूने आहे. लंडनच्या टॉवर ब्रिजवर बोटीचा मान पहिला असतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा गाड्यांचा ताफा तिथे एका बोटीसाठी मधोमध तुटला होता. गाडीचं इंजिन बंद करून थांबता येतं. ओढीत सापडलेल्या बोटीला जागच्या जागी थांबता येत नाही, आणि गेलेली भरती बारा तासांनीच येते. अँब्युलन्स आली तर मात्र बोटीने थांबायचं. यावर तांडेलांनी मान हलवली, ते मी इथून पाहिलं.

या रविवारी अष्टमी आहे. सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला सुकती. सकाळी भरतीवर सगळ्या बोटी रिकाम्या धक्क्याला लावून ठेवा. मी टेप आणि वही घेऊन येतो. कॉलेजच्या मुलांपैकी दोघंतिघं लिहायला हवेत. मोजणीची सुरुवात सगळ्यात उंच काठीपासून करू.