खिंडारात उभे राहणारे

आपल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत एक गोष्ट मी कितीदा तरी पाहिली आहे. शेवटी प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलाची बारावी असते. हे विषय एका वाक्यात आटपतात. मग कुणीतरी म्हणतं, "त्या अमक्या नटासाठीही मागू या, फार वाईट चाललंय त्याचं." आणि सभा खडबडून जागी होते. काय झालं, कुणाबरोबर झालं, व्हिडिओ कुणी पाठवला, बायको माहेरी गेली म्हणे. वीस मिनिटं हेच. त्यानंतरची प्रार्थना दीड मिनिटाची. मी त्यात नव्हतो असं समजू नका. ते 'म्हणे' पुरवणाऱ्यांत मीही असायचो.

म्हणून संकटात सापडलेल्या नामवंतांसाठी प्रार्थना, हा विषय दिला गेला तेव्हा मला आधी 27 मार्च 2022 ची रात्र आठवली. लॉस एंजेलिसचं डॉल्बी थिएटर, ऑस्करचा सोहळा. विनोदवीर क्रिस रॉकनं नट विल स्मिथच्या पत्नीच्या केसांवरून विनोद केला. तिला केस गळण्याचा आजार. विल स्मिथ उठला, मंचावर गेला आणि सरळ त्याच्या थोबाडीत मारली. हे साऱ्या जगानं पाहिलं. पुढं जाहिराती लागल्या तेव्हा नट डेन्झेल वॉशिंग्टन उठून विल स्मिथजवळ गेला, दिग्दर्शक टायलर पेरीही गेला. बाजूला घेऊन बोलले. त्याचे फोटो आहेत, पण शब्द एकही बाहेर आला नाही. थोड्या वेळानं विल स्मिथलाच सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. रडत रडत त्यानं डेन्झेलचं एवढंच सांगितलं, की अगदी शिखरावर असशील तेव्हा जप, सैतान तेव्हाच गाठतो.

डेन्झेल हा पाळकाचा मुलगा, पेन्टेकॉस्टल घरातला. आठवडाभरात अमेरिकेतले पाळक टी. डी. जेक्स यांच्या परिषदेत त्याला या प्रसंगाबद्दल बोलावं लागलं. त्याच्या बोलण्याचा आशय असा: त्या घडीला मला प्रार्थना हाच एक उपाय दिसला. सुदैवानं खिंडारात उभे राहणारे आणखीही काही जण तिथं होते. देवाची कृपा नसती तर त्याच्या जागी आपल्यापैकी कुणीही असतं, दोष लावणारे आपण कोण? आणि आम्ही आपसात काय बोललो, ते मला सांगायचं नाही.

खिंडारात उभं राहणं. यहेज्केल 22:30 आपल्याला पाठ असतं. तट ढासळलाय, खिंडार पडलंय, तिथं माझ्यासमोर उभा राहील असा एक तरी माणूस मी शोधला, असं देव म्हणतो. पण माझं लक्ष त्या शेवटच्या वाक्यावर खिळलं. ज्या गावात नटाच्या कचऱ्याच्या पिशवीचीसुद्धा बातमी होते, तिथं एक माणूस म्हणतो, सांगायचं नाही. प्रभूनं आपल्याला खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं. डेन्झेलजवळ त्या घडीला ना खोली होती, ना दार. समोर खचाखच भरलेलं सभागृह होतं. तरी दार लावलंच त्यानं.

नामवंताचं दुखणं हेच असतं, की त्याला लावायला दार नसतं. शास्त्रातला नामान घ्या. अरामाचा सेनापती, राजाचा लाडका, आणि अंगावर कोड. आज असता तर घोड्यावरून उतरताना हातमोजे का घालतो यावर चर्चा झडल्या असत्या. त्याच्यासाठी पहिला चांगला शब्द कुणी काढला? त्याच्या बायकोजवळ राबणाऱ्या, इस्राएलातून धरून आणलेल्या पोरीनं. तिचं नावसुद्धा शास्त्रात नाही. आणि नामान गेला कसा, तर रथ, घोडे, सोनं, चांदी घेऊन. ज्याच्याकडे बरा व्हायला गेला, तो संदेष्टा अलीशा बाहेरही आला नाही! माणसाकरवी निरोप पाठवला, यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामानाला राग आला. आपल्यासाठी संदेष्टा बाहेर येईल, उभा राहून हात फिरवील, अशी त्याची कल्पना होती. आपण नामवंतांसाठी प्रार्थना करताना तोच थाट मनात धरतो, असं मला पुष्कळदा वाटतं.

आता 1949 कडे येतो. लॉस एंजेलिसमध्येच एक भलामोठा तंबू ठोकला होता. सुवार्तिक बिली ग्रॅहम तेव्हा तिशीतला, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. तीन आठवड्यांच्या ठरलेल्या सभा आठ आठवडे चालल्या. त्या तंबूत लुई झाम्पेरिनी नावाचा माणूस आला, खरं तर ओढून आणला गेला. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये पाच हजार मीटर धावलेला. युद्धात 1943 साली त्याचं विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं. रबरी तराफ्यावर 47 दिवस. तिथं तो देवाला म्हणाला होता, मला वाचव, मी तुझी सेवा करीन. वाचला, तो जपान्यांच्या हाती पडला. छावणीत 'बर्ड' या टोपणनावाचा एक पहारेकरी त्याला रोज मारी. सुटून आला तेव्हा वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, जिकडंतिकडं सत्कार. घरात मात्र दारू. आणि रात्री स्वप्न एकच, आपण बर्डचा गळा आवळतोय. एका रात्री जाग आली तर त्याचे हात बायकोच्या गळ्याभोवती होते. ती गरोदर होती.

सत्काराला आलेल्यांपैकी कुणाला हे दिसलं नव्हतं. बायको सिंथियानं घटस्फोट घ्यायचं ठरवलं होतं. ती आधी तंबूत जाऊन आली, म्हणाली आता घटस्फोट घेत नाही, आणि नवऱ्याच्या मागे लागली. पहिल्या रात्री तो चिडून निघून गेला. दुसऱ्यांदाही उठून निघालाच होता, पण वाटेत तराफ्यावरचा शब्द आठवला. वळला आणि पुढं गेला. त्या रात्रीपासून ते स्वप्न पडलं नाही, असं तो मरेपर्यंत सांगत होता. 1950 मध्ये टोकियोच्या सुगामो तुरुंगात जाऊन त्यानं आपल्या छळकर्त्यांना क्षमा केली. बर्ड तेवढा भेटला नाही, तो फरारी होता.

त्याच सभांत रेडिओवरचा काउबॉय गायक स्टुअर्ट हॅम्ब्लेन आला. तोही पाळकाचाच मुलगा, दारू आणि घोड्यांच्या शर्यतींत बुडालेला. बायको सूझी प्रार्थना करून थकली नव्हती. एका पहाटे दोघांनी ग्रॅहमचं दार वाजवलं. पुढं बिअरची जाहिरात करणार नाही म्हणाल्यावर त्याची रेडिओची नोकरी गेली. एवढं मोठं नाव हाती आलं म्हणून मंडळीला आनंद झाला असेल. नोकरी गेली तेव्हा त्याच्या घरी किती जण गेले असतील, हा प्रश्न मला छळतो.

आणि हे सगळं असंच गोड संपत नाही. गायिका व्हिटनी ह्यूस्टन अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमध्ये गाऊन मोठी झाली. आई सिसी तिथल्या गायनवृंदाची प्रमुख. लेकीला व्यसनानं धरलं, तेव्हा ही आई गुडघे टेकून थांबली नाही. कोर्टाचा हुकूम आणि शेरीफची माणसं घेऊन लेकीच्या दारात उभी राहिली. व्हिटनीनंच 2009 मध्ये मुलाखतीत हे सांगितलं. 11 फेब्रुवारी 2012 ला व्हिटनी गेली. ज्या चर्चमध्ये ती लहानपणी गायली, तिथंच तिची शवपेटी आणली. सिसीची प्रार्थना कमी पडली, असं म्हणायला कुणाची जीभ धजावते? माझी नाही.

लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत होता. मी त्या जकातदारासारखा नाही, म्हणून. नामवंतासाठी आपण तोंड उघडतो तेव्हा हे आभार न बोलताच आत चालू असतात.

आता वेळ झालीच आहे. मघाशी दारातल्या पेटीत तुम्ही चिठ्ठ्या टाकल्यात. ही एक माझ्या हातात आहे. वर एका गायकाचं नाव, आणि खाली अर्धं पान मजकूर, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी. नाव मी घेतो. मजकूर वाचत नाही, चिठ्ठी ही अशी घडी करून खिशात ठेवतो. डोळे मिटू या.