एका कृतीवरून उपगट ठरत नाही: ऑटिझममधले गट वर्तनातून कसे ओळखतात?

नमस्कार. गेले काही महिने जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली तुम्ही मला एकच प्रश्न विचारत आहात: "ताई, ऑटिझमचे आता चार प्रकार सापडले आहेत म्हणे, मग आमचा मुलगा त्यांतल्या कोणत्या प्रकारात बसतो?" या प्रश्नासोबत बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत असते. तिच्यात मूल हात फडफडवत असते, पंख्याकडे टक लावून पाहत असते किंवा डब्याचे झाकण फरशीवर गरगर फिरवत असते. मी विशेष शिक्षिका आहे आणि अशी झाकणे मी वर्गात रोज पाहते. तुमच्या प्रश्नामागची काळजी मला पुरेपूर समजते, आणि म्हणूनच त्याचे उत्तर घाईने देणे मला बरोबर वाटत नाही.

ऑटिझम म्हणजे काय, हे या वाहिनीवर अनेकदा सांगून झाले आहे. सामाजिक देवाणघेवाणीतली अडचण आणि त्याच त्या ठरावीक वर्तनाची ओढ या दोन्ही गोष्टी लहानपणापासून असतात, एवढे गृहीत धरून पुढे जाऊ.

वर्तनावरून उपगट पाडण्याचा सर्वांत महत्त्वाचा जुना प्रयत्न लंडनमध्ये झाला. लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ गूल्ड यांच्याबरोबर त्यांनी कॅम्बरवेल या भागातल्या मुलांचा अभ्यास केला आणि तो 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांवरून जे वर्णन केले होते, त्यात नेमकी बसणारी मुले कॅम्बरवेलमध्ये दर 10,000 मुलांमागे 5 सुद्धा भरली नाहीत. सामाजिक देवाणघेवाणीत गंभीर अडचण असलेली मुले मात्र दर 10,000 मागे 21 निघाली. ही सर्व मुले दिसतात कशी, हे सांगण्यासाठी त्यांनी तीन गट केले. पहिला अलिप्त मुलांचा, जी माणसांकडे जवळजवळ वळतच नाहीत. दुसरा अशा मुलांचा, जी स्वतःहून पुढाकार घेत नाहीत, पण कोणी हात धरून नेले तर निमूटपणे सामील होतात. तिसऱ्या गटातली मुले आपणहून लोकांकडे जातात, मात्र त्यांची पद्धत समोरच्याला वेगळी, एकतर्फी वाटते. या तिसऱ्या गटासाठी विंग यांनी वापरलेल्या शब्दाचा सरळ अर्थ 'विचित्र' असा होतो. मुलांसाठी तो शब्द मला वापरवत नाही, म्हणून मी 'वेगळ्या रीतीने सक्रिय' असे म्हणते.

इथे मराठीपुरती एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपण ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण तो या तिघांपैकी फक्त पहिल्या गटाचे चित्र डोळ्यांसमोर उभे करतो: कोपऱ्यात बसलेले, आपल्याच तंद्रीत असलेले मूल. माझ्या वर्गात एक मुलगा होता, जो दारात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नाव विचारायच्या आधी गाडीचा नंबर विचारायचा, तो एमएच 12 असला की टाळी वाजवायचा आणि दुसरा काही असला तर तो जिल्हा कोणता हे स्वतःच सांगायचा. त्याचे आजोबा मला म्हणाले होते, "बाई, हा स्वमग्न कसा? हा तर रस्त्यावरच्या कोणाशीही बोलतो." आजोबांचे निरीक्षण अगदी अचूक होते; अपुरा पडत होता तो आपला शब्द.

दुसऱ्या गटाबद्दल माझ्या हातून झालेली चूकही तुम्हाला सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मुलीला पाहून, ती सगळ्यांत मिसळते, काळजीचे कारण नाही, असे मी तिच्या आईला सांगितले. ती भातुकलीत रोज असायची हे खरे होते. परंतु ती रोज बाळच व्हायची, मैत्रिणी तिला निजवायच्या, भरवायच्या, उचलून ठेवायच्या आणि ती स्वतःहून एकदाही चूल मांडत नव्हती, हे माझ्या लक्षात आले नाही. पुढे पाचवीत तुकडी बदलली, हात धरून नेणाऱ्या मैत्रिणी सुटल्या आणि तिने शाळेत बोलणेच बंद केले. निदान व्हायला त्यानंतर आणखी वर्ष गेले. मी मूल सामील आहे की नाही एवढेच पाहिले होते. ते कोणाच्या पुढाकाराने सामील आहे, हे पाहायला हवे होते.

म्हणूनच मी पुन्हा पुन्हा सांगते की एका कृतीवरून गट ठरत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांबरोबर आणि बऱ्याच काळात दिसणाऱ्या वर्तनाच्या घडणीवरून तो ठरतो. शिवाय तो कायमचाही नसतो. लहानपणी अलिप्त असलेले मूल पुढे दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटासारखे वागू लागते, हे स्वतः विंग यांनीच नोंदवून ठेवले आहे. गट हे मुलाच्या आजच्या वागण्याचे वर्णन आहे, हे विसरले की आपण पाच वर्षांच्या मुलाचे वर्णन पंधरा वर्षांच्या मुलावर लादत राहतो.

हाच मुद्दा तज्ज्ञांच्या बाजूनेही पाहायला हवा, कारण "डॉक्टरांना तर एका नजरेत कळते" असे एका दर्शकांनी लिहिले आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1994 च्या निदानपुस्तिकेत ऑटिझम, अ‍ॅस्पर्जर (बोलणे वेळेवर येणाऱ्यांचा प्रकार) आणि इतरत्र न बसणाऱ्यांसाठीचा एक प्रकार असे वेगवेगळे कप्पे होते. कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 12 विद्यापीठ केंद्रांतल्या 2,000 हून अधिक मुलांची माहिती तपासली आणि निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध केले. प्रमाणित चाचण्यांमधले गुण सर्व केंद्रांत साधारण सारखे असूनही कोणत्या मुलाला कोणते नाव मिळाले, हे मुलापेक्षा केंद्रावरच अधिक अवलंबून होते. निदान करणारी ही सगळी अनुभवी माणसे होती आणि त्यांनी मुलांना तासन्‌तास पाहिले होते. तरीही कप्पे जुळले नाहीत. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, आलेल्या नव्या आवृत्तीने ते कप्पे काढून एकच निदान ठेवले आणि आधाराची गरज सांगणाऱ्या तीन पातळ्या दिल्या.

या पातळ्यांना अनेक पालक प्रकार समजतात, म्हणून तेही स्पष्ट करते. पातळी म्हणजे मुलाला आज किती मदत लागते, एवढेच. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या आयएसएए या भारतीय मापनश्रेणीचेही तसेच आहे. तिच्यात 40 बाबी असतात, प्रत्येकीला 1 ते 5 गुण मिळतात आणि बेरीज 70 ते 106 आली तर सौम्य, 107 ते 153 आली तर मध्यम, त्यापुढे तीव्र असे लिहिले जाते. दोन मुलांची बेरीज प्रत्येकी 120 असू शकते. एकाला भाषेतल्या अडचणींचे आणि दुसऱ्याला संवेदनांतल्या वेगळेपणाचे गुण जास्त असू शकतात. कागदावर दोघेही 'मध्यम' असतात, पण वर्गात त्या दोघांसाठी मला पूर्णपणे वेगळी तयारी करावी लागते.

आता तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारता, त्या चार गटांकडे येऊ. जुलै 2025 मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रिन्स्टन विद्यापीठ आणि सायमन्स फाउंडेशन यांच्या संशोधकांचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या 5,000 हून अधिक ऑटिस्टिक मुलांची माहिती त्यांनी घेतली आणि प्रत्येक मुलाची 230 हून अधिक लक्षणे एकत्र ठेवून संगणकाद्वारे गट काढले. साधारण 37 टक्के मुलांमध्ये सामाजिक व वर्तनाच्या अडचणी होत्या, चालणे-बोलणे वेळेवर होते, पण चिंता, एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) यांसारखे त्रास सोबत होते. 19 टक्के मुलांचे विकासाचे टप्पे उशिरा आले, परंतु चिंता किंवा नैराश्य सहसा नव्हते. 34 टक्के मुलांत सर्वच अडचणी तुलनेने कमी होत्या आणि 10 टक्के मुलांत त्या सर्व बाजूंनी तीव्र होत्या. या गटांमागे वेगवेगळे जनुकीय चित्र दिसले, ही त्यातली मोलाची गोष्ट आहे. उदाहरणार्थ, ज्या गटात निदान उशिरा होते, त्या पहिल्या गटात बाधित झालेली जनुके जन्मानंतर अधिक सक्रिय होणारी निघाली.

मात्र 230 हून अधिक, हा आकडा कृपया नीट ऐका. पहिले पाऊल कधी टाकले, पहिला शब्द कधी आला, झोप कशी आहे, राग कसा येतो, अशा पालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांतून ते गट निघाले आहेत. हात फडफडवणारे मूल त्या चारही गटांत सापडेल. तीस सेकंदांची चित्रफीत पाहून "हा दुसऱ्या प्रकारातला" असे सांगणाऱ्या ज्या रील तुम्ही मला पाठवता, त्यांनी पालकांचे नुकसान होते आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्या उत्तरानंतर पालक निरीक्षण करणे थांबवतात.

तुम्हाला काही करायचेच असेल, तर दोन आठवडे एक साधी वही ठेवा आणि एकच वर्तन निवडा. आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले, हे घरी, शाळेत आणि बाहेर, वेळेसकट लिहा. तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या. एका आईने अशीच वही मला आणून दिली. मुलगा कान झाकून ओरडतो आणि कुकरच्या शिट्टीचा त्याला त्रास होतो, असे घरात सर्वांनी ठरवून टाकले होते. वहीत सहाव्या दिवशी तिने लिहिले होते: "सकाळी 10:10. कुकर लावला नव्हता. मी फक्त लायटर हातात घेतला आणि त्याने कान झाकले." त्यापुढे तिने स्वतःच कंसात प्रश्न घातला होता, "म्हणजे त्याला आवाजाचा त्रास होतो, की आवाज कधी येईल ते कळत नाही याचा?" दुसऱ्या दिवसापासून ती लायटर उचलण्याआधी त्याला ओट्यापाशी बोलावून, "आता तीन शिट्ट्या होणार," असे बोटे दाखवून सांगू लागली. त्यापुढच्या पानावर नोंद होती: "दुसऱ्या शिट्टीला कान झाकले. तिसरीला त्याने बोट वर केले."