वीस लाख कोटी आणि भोसरीचा गाळा

(दृश्य : भोसरी एमआयडीसी. सकाळची पाळी. अर्ध्या उघड्या शटरमागे व्हीएमसी मशीन, म्हणजे धातू कापणारं संगणकी यंत्र.)

भोसरीत मंदी आधी कानाला कळते. काम जोरात असलं की स्पिंडलचा एकसुरी आवाज रस्त्यापर्यंत येतो. कंपनीकडून शेड्यूल, म्हणजे महिन्याच्या मालाची मागणी, कमी आलं की आधी रविवारचा ओव्हरटाइम जातो, मग रात्रपाळी, मग ठेकेदाराची माणसं. जीडीपीचा आकडा यानंतर येतो, तिमाही संपून दोन महिने झाल्यावर.

सरकार पॅकेज जाहीर करतं तेव्हा हा क्रम उलटा असतो. आकडा आधी येतो, तोही भलामोठा. काम येतं का, ते नंतर बघायचं.

१२ मे २०२० ला, करोनाच्या टाळेबंदीत, वीस लाख कोटींच्या पॅकेजची घोषणा झाली. पुढचे पाच दिवस तपशील येत राहिला आणि बेरीज झाली २० लाख ९७ हजार ५३ कोटी. ती फोडून पाहू. यातले ८ लाख १ हजार ६०३ कोटी रिझर्व्ह बँकेनं बँकांना उपलब्ध करून दिलेल्या रोखतेचे. म्हणजे बँकेनं हा पैसा कुणाला कर्जाऊ दिला, तरच तो बाजारात यायचा. त्या महिन्यांत बँकांनी लाखो कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडेच परत ठेवले. अशा ठेवीवर रिझर्व्ह बँक देते तो रिव्हर्स रेपोचा दर ३.३५ टक्के होता, कमीच. पण बुडायची भीती शून्य.

दुसरा मोठा तुकडा ३ लाख कोटींचा, छोट्या उद्योगांच्या तातडीच्या कर्जहमीचा. पॅकेजच्या बेरजेत तो अख्खा धरला गेला. सरकारनं हमीसाठी तरतूद केली ४१,६०० कोटींची, तीही काही वर्षांत विभागून. यात लपवाछपवी नव्हती, कागद जाहीर होते. पण हमी म्हणजे खर्च नव्हे. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो, म्हणून त्याला तेवढी रक्कम दिली असं आपण घरी सांगत नाही.

(दृश्य : टेबलावर बँकेचा खातेउतारा, शेजारी कॅल्क्युलेटर.)

या योजनेत काय मिळत होतं, ते एका नमुन्याच्या गाळ्यावर मांडू. दोन सीएनसी (तशीच संगणकी यंत्रं), एक व्हीएमसी, सहा कामगार. महिन्याची बिलं १० लाखांची. २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेचं फेडायचं राहिलेलं कर्ज ४० लाख. नियम असा, की त्या दिवशी बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज, तारण नको, हमी सरकारची. मिळाले ८ लाख. मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष फक्त व्याज, बँकेचा दर कमाल ९.२५ टक्के.

त्या कमाल दरानं पहिले बारा महिने साधारण ६,१७० रुपये व्याज. मग छत्तीस महिने सुमारे २५,५०० चा हप्ता. एकूण व्याज एक लाख नव्वद हजारांच्या पुढे. जुने हप्ते वेगळे.

आठ लाखांत पगार निघाले, वीजबिल भरलं, खातं थकीत जायचं वाचलं. ज्यांची शेड्यूल सहा महिन्यांत परत आली, त्यांना या कर्जानं खरंच तारलं, हे मान्य करायला हवं. ज्यांची आली नाहीत, त्यांना दुसऱ्या वर्षी पंचवीस हजारांचा नवा हप्ता लागला. मशीन बंद, हप्ता चालू. आणि ज्यानं आधी कर्जच घेतलं नव्हतं, स्वतःच्या पैशात धंदा केला, त्याला काय? शून्याचे २० टक्के शून्यच. आधीचा हप्ता साठ दिवसांहून जास्त थकलेला असेल, तोही बाहेर. म्हणजे ज्यानं कर्ज टाळलं तो आणि जो खरोखर अडचणीत होता तो, दोघेही दारातूनच परत.

याच गाळ्याचा दुसरा हिशेब बघा. वाहन उद्योगाच्या साखळीत तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या पुरवठादाराला बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळणं नवं नाही. महिन्याला १० लाखांची बिलं, नव्वद दिवसांची उधारी, म्हणजे ३० लाख कायम दुसऱ्याकडे अडकलेले. हीच मुदत पंचेचाळीस दिवसांवर आली तर १५ लाख मोकळे होतात. हमीच्या कर्जाच्या जवळपास दुप्पट, आणि व्याज नाही.

पंचेचाळीस दिवसांचा नियम नवाही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग कायद्यात तो आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. मागतो कोण? पुढच्या महिन्याचं शेड्यूल त्याच कंपनीकडून यायचं असतं. मग २०२३–२४ च्या हिशेबापासून आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं : सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट नाही. लेखी करार नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. यात सरकारी तिजोरीतून द्यायचं काही नव्हतं. वीस लाख कोटींच्या आकड्याशेजारी हे कलम दिसतही नाही, पण गाळ्याच्या दृष्टीनं जास्त कामाचं तेच. अट इतकीच, की उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला असावा, म्हणजे खरेदीदाराला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

(दृश्य : चिंचवड, दुचाकींचं शोरूम. हार घातलेली नवी गाडी.)

कर्जानंतर आता सरकारची दुसरी वाट, करकपात. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, छोट्या मोटारींवरचाही सेससकट (उपकरासह) २९ ते ३१ होता तो १८ वर आला. कराआधी ८० हजारांची दुचाकी १ लाख २ हजार ४०० ला पडायची, ती ९४ हजार ४०० ला. आठ हजारांची बचत खरी आहे, थेट गिऱ्हाइकाच्या हातात. 

शंका घ्यायची ती विक्रीच्या आकड्यांवर. कपातीची कुणकुण १५ ऑगस्टच्या भाषणातच लागली होती. पाच आठवडे लोक थांबले. त्यात पितृपक्ष, जेव्हा आपल्याकडे तसंही कुणी गाडी उचलत नाही. मग घटस्थापना, २ ऑक्टोबरला दसरा आणि ऑक्टोबरमध्येच दिवाळी. आदल्या वर्षी, २०२४ ला, पितृपक्ष २ ऑक्टोबरपर्यंत होता आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. अशा दोन वर्षांचा सप्टेंबर सप्टेंबरशी आणि ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडून टक्केवारी काढली, तर पंचांगाचा फरक अर्थव्यवस्थेच्या नावावर जमा होतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर अशी चार महिन्यांची बेरीज करा आणि मग आदल्या वर्षाच्या त्याच चार महिन्यांशी ताडा. उरेल ती वाढ बऱ्यापैकी खरी.

असाच चकवा २०२१ ला होता. एप्रिल ते जून २०२० मध्ये जीडीपी सुमारे २४ टक्के घसरला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ, मोठ्या अक्षरांत. शंभराचे शहात्तर झाले होते, त्याचे एक्क्याण्णव झाले. मुळातले शंभर अजून नऊनं लांब.

(दृश्य : रिंग रोडसाठी आखणी झालेली शेतं. मोजणीचे दगड.)

तिसरी वाट भांडवली खर्चाची, म्हणजे रस्ते, पूल अशा टिकाऊ कामांवरच्या खर्चाची. केंद्राचा हा खर्च २०१९–२० ला साडेतीन लाख कोटींच्या आत होता, २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात ११.२१ लाख कोटी. तिन्ही वाटांत हीच त्यातल्या त्यात भरवशाची, कारण पूल बांधायचा तर सळई, सिमेंट, डंपर, माणसं लागतातच. तरी दोन गोष्टी तपासाव्यात. पुण्याच्या रिंग रोडसाठी मुळशी, मावळ, हवेलीत जमिनी घेतल्या गेल्या. जमिनीचा मोबदला प्रकल्पाच्या खर्चात मोजला जातो, पण जीडीपीत नाही, कारण जमीन काही नव्यानं तयार होत नाही, तिचा मालक बदलतो. दुसरं, काम झालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांनी थकीत बिलांसाठी आंदोलनं केली. कंत्राटदाराचं बिल अडलं की खडीवाल्याचं अडतं, त्याचं अडलं की डंपरचा हप्ता. आणि २०२५–२६ च्याच अर्थसंकल्पात केंद्राचं व्याजापोटीचं देणं १२.७६ लाख कोटी आहे, भांडवली खर्चाहून जास्त.

सरकारी पैसा नीट पोचल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी. मागेल त्याला काम : पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. काम अंगमेहनतीचं, मजुरी मोजमापावर, त्यामुळे ज्याला शेतात काम आहे तो तिकडे फिरकत नसे. पाऊस बरा झाला की हजेरी घटायची आणि खर्च आपोआप उतरायचा. पॅकेज कधी थांबवायचं, हे ठरवायला समिती लागत नव्हती. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी झाल्या, बरेच तलाव गाळानं भरले, तेही खरं. पण पैसा कुठून आला ते स्पष्ट होतं : बराचसा शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. हिंजवडीतल्या पगारपत्रकावर आजही तो दिसतो. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००.

(दृश्य : पुन्हा भोसरी. दिवेलागण. एका गाळ्यात दिवा, शेजारचा बंद.)

मग अर्थव्यवस्थेची तब्येत बघायची कशी? जीएसटीचा महिन्याचा आकडा ढोबळ असतो. परतावे वजा करून निव्वळ बघा, त्यातून आयातीवरचा कर वेगळा काढा, आणि महागाई वजा करायला विसरू नका. एप्रिलच्या आकड्यात मार्चअखेरची विक्री येते. एप्रिल २०२५ ला २.३७ लाख कोटी जमले, तो विक्रम होता, पण एप्रिल दरवर्षीच फुगलेला असतो.

गाळेवाल्याला याहून जवळचे तीन कागद आहेत. गेल्या चोवीस महिन्यांची महावितरणची बिलं काढा आणि रुपये सोडून युनिट लिहा, कारण दर वाढला की रुपये फसवतात. शेजारी विक्रीचे आकडे मांडा. युनिट घटले आणि विक्री तेवढीच राहिली, तर भाव वाढलेत, काम नाही. तिसरा कागद येणे बाकीचा : प्रत्येक कंपनीचे सरासरी किती दिवस. हे दिवस साठाचे पंचाहत्तर झाले, की पुढच्या पायरीवर पैशाची ओढ लागली आहे. बँक तेव्हाही कर्जाची मर्यादा वाढवून द्यायला तयार असेल. सही करण्याआधी खरेदी विभागाला फोन करून पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल लेखी मागा.